न्हाणीघराची भिंत पलीकडून ओली होते आहे, टाइल्स फोडायच्या की नाही?

तिसरा_मजला | ९ डिसेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. तीन महिने हा प्रश्न घेऊन फिरते आहे, आज शेवटी लिहायला बसले.

आमचा फ्लॅट डोंबिवली पूर्वेला, इमारत २००३ ची, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. बाथरूम सात बाय साडेचार फुटांचं. त्याच्या लांब भिंतीवर शॉवर आणि गरम-थंड पाणी वळवणारा भिंतीतला नळ, म्हणजे डायव्हर्टर, आहे, आणि त्याच भिंतीच्या पलीकडे आईची खोली. भिंत चार इंची विटेची. आईचं कपाट लग्नानंतर पहिल्यांदा घेतलेलं, ते गेली सोळा वर्षं त्या भिंतीला लागून उभं होतं.

गणपतीच्या आधी आईने तिची नारायणपेठ बाहेर काढली तर घडीवर पिवळट डाग, आणि कपाटात कुबट वास. कपाट सरकवलं तेव्हा मागची फळी फुगून पापुद्रे सुटलेले. भिंतीवर रंगाचे फुगे. नखाने फोडला की आतून मिठासारखी पांढरी पूड. पावसाची ओल असेल म्हणून पेंटर बोलावला. त्याने खरवडून पुट्टी भरली आणि ओल थांबवणारा म्हणून महागड्या रंगाचे दोन हात दिले. नोव्हेंबर संपता संपता फुगे परत आले. आता पाऊस नाही, बाहेरची भिंतही ती नाही, तरी हात लावला की थंडगार लागते. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूमच्या छतालाही तपकिरी कडं उमटलं आहे. त्या काही बोलत नाहीत, पण मला त्यांच्याकडे बघायची लाज वाटते.

एका ठेकेदाराने सगळं बाथरूम फोडून नवं करायचे एक लाख चाळीस हजार सांगितले. दुसरा म्हणतो, काही न फोडता टाइल्सच्या सांध्यांमध्ये केमिकल भरून देतो, बारा हजार, पाच वर्षांची गॅरंटी. दोघांनीही भिंतीला हात लावून बघितला नाही. कुणाचं ऐकू?

ओटीवरची | ९ डिसेंबर, रात्री ११:१५

आधी ते कपाट पूर्ण रिकामं करा आणि त्या खोलीतून हलवा. साड्या मऊ सुती कापडात गुंडाळून दुसऱ्या खोलीत ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत घाम धरतो. आणि त्या भिंतीवर आता रंगाचा एक थेंबही लावू नका. माझ्याकडे तीन वर्षं हेच चाललं होतं. रंगाने ओल आत कोंडली गेली आणि वर वर सरकत खिडकीपर्यंत पोचली.

साइटवरचा | १० डिसेंबर, सकाळी ६:५०

ताई, सव्वीस वर्षं बांधकामाच्या साइटवर आहे. तुम्ही दोघांपैकी कुणाचंच ऐकू नका. पाणी कुठून येतं हे न शोधता दिलेला भाव म्हणजे ताप न मोजता लिहून दिलेलं औषध.

पहिली आणि तातडीची गोष्ट. त्या ओल्या भिंतीवर स्विचबोर्ड किंवा सॉकेट आहे का? असेल तर आजच त्याचा एमसीबी, म्हणजे मुख्य बोर्डावरचा खटका, खाली पाडा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. बाकी सगळं आठवडाभर थांबू शकतं, हे नाही.

आता पाण्याबद्दल. बाथरूममध्ये पाणी तीन वाटांनी भिंतीत शिरतं. एक, भिंतीतल्या दाबाच्या पाइपातून. ती गळती चोवीस तास चालू असते, कुणी आंघोळ करो न करो. दोन, जमिनीतून म्हणजे नहाणी ट्रॅप (पाणी जायच्या जाळीखालची वाटी), त्याचा पाइप आणि जमीन-भिंतीचा कोपरा. ही गळती वापरानंतर दिसते, अनेकदा दुसऱ्या दिवशी. तीन, भिंतीवरच्या टाइल्समधून, शॉवर अंगावर घेताना भिंतीवर जे पाणी उडतं त्यातून.

लोकांचा समज असा की टाइल लावली म्हणजे भिंत वॉटरप्रूफ झाली. तसं नाही. साध्या सिरॅमिक भिंतीच्या टाइलचं अंगच दहा टक्क्यांहून जास्त पाणी शोषतं. वरचं काचेसारखं चकचकीत आवरण तेवढं पाणी अडवतं. दोन टाइल्समधलं सिमेंटचं ग्राउट तर पाणी पितंच. खरं काम टाइलच्या मागचा वॉटरप्रूफिंगचा थर करतो, आणि २००३ च्या कितीतरी इमारतींमध्ये तो फक्त जमिनीवर आणि जेमतेम फूटभर भिंतीवर चढवलेला असतो. शॉवरच्या उंचीपर्यंत नेलेला मी फार कमी ठिकाणी बघितला.

तुमच्या भिंतीवरच्या डागाचा आकार कसा आहे ते सांगा. जमिनीपासून किती उंच, सलग पट्टा आहे की मध्येच वेगळा ठिपका? पाणी कुठून आलं ते डाग बऱ्याचदा स्वतःच सांगतो.

तिसरा_मजला | १० डिसेंबर, दुपारी १:०५

दादा, तुमचं वाचून लगेच बघितलं. भिंतीवर मोबाइल चार्जिंगचं सॉकेट आहे. आई म्हणाली, मागच्या महिन्यात तिथे हात टेकला तेव्हा बारीक झिणझिण्या आल्या होत्या, तिने आम्हाला सांगितलंच नव्हतं. ऐकून पोटात गोळा आला. एमसीबी पाडला, इलेक्ट्रिशियनने ती वायरच बोर्डापासून तोडून ठेवली आणि घराला तीस मिलिअॅम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा खटका, बसवून दिला. तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू?

डाग दोन आहेत. खाली जमिनीपासून सुमारे दोन फुटांपर्यंत सलग पट्टा. त्याच्या वर जवळजवळ कोरडी भिंत, आणि मग साडेतीन फुटांवर ताटाएवढा वेगळा गोल डाग.

साइटवरचा | १० डिसेंबर, रात्री ९:३०

मग बहुतेक तुमच्याकडे एक नाही, दोन गळत्या आहेत. विटेतून ओल खालून वर चढते, पण मध्ये कोरडी जागा सोडून उडी मारत नाही. साडेतीन फूट ही डायव्हर्टरची उंची आहे.

चाचण्या एकेक करून, याच क्रमाने करा. दोन एकत्र केल्या तर काहीच कळणार नाही. घरात दुसरं बाथरूम आहे ना? मग हे तीन दिवस पूर्ण बंद ठेवा.

पहिली चाचणी पाइपाची. चांगल्या प्लंबरकडे हातपंप आणि दाबाचं मीटर असतं. गरम आणि थंड दोन्ही लाइन बंद करून दाब भरायचा आणि दोन तास काटा बघायचा. काटा उतरला तर पाइप गळतो. त्यासाठी एकही टाइल फोडावी लागत नाही.

दुसरी जमिनीची. नहाणी ट्रॅपमध्ये कापडाचा बोळा प्लास्टिकमध्ये गुंडाळून घट्ट बसवा, उंबरठ्याशी ओल्या मातीची किंवा सिमेंटची छोटी पाळ घाला आणि इंचभर पाणी भरा. भिंतीवर पेन्सिलने पातळीची रेघ मारा. शेजारी एका स्टीलच्या पातेल्यात तेवढंच पाणी ठेवून त्यावरही खूण करा. चोवीस तासांनी पातेल्यातलं पाणी जेवढं उतरलं तेवढं हवेत गेलं, त्याहून जास्त जमिनीतलं उतरलं असेल तर ते खाली गेलं. भरताना पाण्यात खायचा लाल रंग मिसळा.

तिसरी भिंतीची. जमीन कोरडी झाल्यावर, ट्रॅप उघडा ठेवून, हॅण्डशॉवरने फक्त भिंतीवर पाणी मारा. खालच्या दोन ओळींपासून सुरुवात, मग वर. प्रत्येक टप्पा वीस मिनिटं. एक माणूस पलीकडे आईच्या खोलीत हात लावून उभा.

हिरवा_चाफा | ११ डिसेंबर, सकाळी १०:२०

एक विचारते. तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे का? आणि टाइल्सवरचे पांढरे डाग अॅसिडने काढता का? आमच्या सोसायटीत टँकर आणि बोअरचं पाणी, दर पंधरा दिवसांनी मी दुकानातलं अॅसिड ओतून घासत होते. टाइल्स लख्ख दिसायच्या. दहा वर्षांनी गवंड्याने दाखवलं, सांध्यांमधलं ग्राउट पार खाल्लं गेलं होतं, काडेपेटीची काडी आत जात होती. अॅसिड पांढरा डाग विरघळवतं तसंच सिमेंटही विरघळवतं. तेव्हापासून सोडलं. आता रोज आंघोळ झाली की रबरी वायपरने भिंत पुसून घेतो, घरातला शेवटी आंघोळ करणारा ते करतो. डाग पडायला पाणीच उरत नाही.

तिसरा_मजला | ११ डिसेंबर, सकाळी ११:००

चाफाताई, अगदी हेच. आमच्या कामाच्या मावशी आणि मी, दोघी मिळून वर्षानुवर्षं अॅसिडच ओतत होतो.

साइटवरचा | ११ डिसेंबर, दुपारी २:१०

आणि अॅसिडबरोबर ब्लीच कधीही वापरू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

जांभाचिरा | १२ डिसेंबर, रात्री ८:००

आमचं घर कुडाळजवळ, जांभ्या दगडाचं. तिथे हा त्रास वेगळ्या तऱ्हेने होतो. चिरा म्हणजे भोकाभोकांचा दगड, पाणी एका टोकाला शिरलं तर चार चिरे सोडून पाचव्यात निघतं. पूर्वी आमची न्हाणी घराबाहेर परसात होती, पाणी थेट माडांच्या आळ्यात जायचं, भिंतीला ओल लागायचा प्रश्नच नव्हता. वडिलांच्या गुडघ्यांमुळे न्हाणी माजघराशेजारी आत घेतली आणि दुसऱ्याच पावसात माजघराची भिंत हिरवी झाली.

आम्ही शेवटी चिऱ्यांवरचा गिलावा पूर्ण काढून नवा केला, त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात थेट छतापर्यंत दिले आणि मगच टाइल्स लावल्या. पाच पावसाळे झाले. जे कोणी कोकणात जुन्या घरात बाथरूम आत घेत असतील त्यांनी चिऱ्यावर थेट टाइल चिकटवू नका, एवढंच सांगेन.

तिसरा_मजला | १६ डिसेंबर, रात्री ९:५०

चाचण्या झाल्या. सगळं सविस्तर लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल.

पाइप: प्लंबरने सात किलोचा दाब भरला. दोन तास काटा हलला नाही. म्हणजे भिंतीतले पाइप धड आहेत. एवढ्यावरच केवढा जीव हलका झाला.

जमीन: चोवीस तासांत पातेल्यातलं पाणी दोन मिलिमीटर उतरलं, जमिनीतलं नऊ. रात्री साडेअकराला खालच्या काकूंचा फोन आला, छताच्या तपकिरी कड्याच्या मधोमध गुलाबी थेंब आला होता. मी खाली गेले. काकू स्टुलावर चढून बोटाने तो थेंब दाखवत होत्या. मला वाटलं होतं रागावतील, त्या म्हणाल्या, "अगं बरं झालं, आता कळलं तरी."

भिंत: खालच्या भागावर पाणी मारलं, पलीकडे काही नाही. डायव्हर्टरपर्यंत पोचलो, आणि तेराव्या मिनिटाला मिस्टर पलीकडून ओरडले, "आलं!" गोल डागाच्या मध्यभागी भिंत काळी पडत होती. मग प्लंबरने डायव्हर्टरची स्टीलची गोल चकती काढली. चकतीच्या मागे टाइलला पाडलेलं भोक चकतीपेक्षा जेमतेम लहान, वेडंवाकडं छिन्नीने तोडलेलं, आणि पाइपाभोवतीची जागा कधी भरलेलीच नाही. माझी दोन बोटं आत गेली. आत ओली वाळू हाताला लागली, विटेचा चुरा झाला होता. वीस वर्षं रोज पाच माणसांच्या आंघोळीचं पाणी त्या चकतीच्या मागून आत जात होतं.

साइटवरचा | १७ डिसेंबर, सकाळी ७:१०

ताई, तुम्ही भल्याभल्या इंजिनिअरांपेक्षा नीट काम केलंत.

आता उपाय. वरची गळती स्वस्त आहे. भोक साफ करून, वाळू काढून, सिमेंटच्या चांगल्या मसाल्याने भरा, वर वॉटरप्रूफिंग, आणि चकतीच्या कडेने सिलिकॉन. मात्र चकतीची तळाची बाजू पाव इंच मोकळी सोडा, चुकून आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट हवी.

खालची गळती मोठी आहे. तुमच्या काळच्या बांधकामात बाथरूमचा स्लॅब खाली दाबलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरून वर कोबा करतात. ट्रॅपचा सांधा सुटला की पाणी त्या भरावात साठतं. तो भराव म्हणजे ओला स्पंज. वरून सांधे कितीही भरले तरी आतला स्पंज महिनोन्‌महिने भिंतीला आणि खालच्या छताला पाणी पाजत राहतो. म्हणून ते बारा हजारांचं काम तुमच्यासाठी नाही. ज्यांचा भराव कोरडा आहे, टाइल्स घट्ट आहेत आणि फक्त ग्राउट गेलंय, त्यांना नुसतं जुनं ग्राउट खरवडून नवं भरलं तरी पुरतं.

जमीन पूर्ण काढा, भराव स्लॅबपर्यंत उचला. भिंतीच्या टाइल्स रुपयाच्या नाण्याने ठोकून बघा. भरीव आवाज आला तर राहू द्या, पोकळ आला तिथे खडूने फुली मारा.

पेनसिल्वेनियाकर | १७ डिसेंबर, रात्री ११:३०

आमच्या इथे भिंती लाकडी सांगाड्याच्या आणि वर जिप्समचा बोर्ड. टाइल्सच्या मागे पाणी गेलं की बोर्डाचा अक्षरशः लगदा होतो आणि लाकडाला बुरशी. आमचा शॉवर उघडला तेव्हा खालचं लाकूड स्क्रू ड्रायव्हरने टोचलं तर लोण्यासारखं आत गेलं. इथे टाइलमागे सिमेंटचा बोर्ड आणि त्यावर वॉटरप्रूफ थर असावा लागतो, आधीच्या मालकाने साधा बोर्ड लावला होता. इथल्या मराठी मंडळींनी टाइल हाताखाली हलायला लागली तर वाट बघू नये. विटेची भिंत ओली होऊन परत सुकते, लाकूड कुजलं की बदलावंच लागतं.

उपविधी_वाचक | १८ डिसेंबर, सकाळी ९:४०

खर्चाचं कुणी विचारलं नाही, तरी सांगतो कारण त्यावरून शेजारी कायमचे तुटलेले बघितले आहेत. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेने दुरुस्त करायची, आपल्या बाथरूममधली आपण स्वतःच्या खर्चाने. काम सुरू करण्याआधी संस्थेला लेखी कळवा, डेब्रिज म्हणजे राडारोडा कुठे टाकणार तेही लिहा.

नव्या इमारतीत राहणाऱ्यांसाठी: रेरा म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष लेखी कळवला, तर बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. बाथरूमची गळती त्यात मांडता येते. तोंडी सांगत बसू नका, तारखेसह फोटो आणि पत्र.

तिसरा_मजला | २४ जानेवारी, रात्री १०:१५

काम निम्मं झालं. थकले आहे, पण आजच लिहायचं होतं.

नाण्याने ठोकल्यावर शॉवरच्या भिंतीवर छप्पन्नपैकी एकतीस टाइल्सवर फुल्या पडल्या. म्हणून ती भिंत पूर्ण काढली, बाकीच्या तीन भिंतींच्या फक्त खालच्या दोन ओळी. जमीन फोडली तेव्हा आतून जे निघालं त्याचा वास अजून नाकात आहे. विटांचे तुकडे काळे पडलेले, मुठीत दाबले की पाणी गळायचं. लिफ्ट लहान, म्हणून चौसष्ट गोण्या दोन मुलांनी जिन्याने उतरवल्या. त्यांना मी रोज दुपारी जेवायला घातलं, त्यांचं काम बघवत नव्हतं.

तळाशी ट्रॅपच्या सांध्याला केसाएवढी चीर नव्हे, करंगळी जाईल एवढी फट होती.

आमचे गवंडी मामा साठीचे आहेत, हाताला जादू आहे. स्लॅब घासून धुऊन त्यांनी नवा ट्रॅप बसवला, त्याच्या भोवती न आकसणारा मसाला भरला. जमीन आणि भिंत मिळते तिथे सगळीकडून मसाल्याची गोलाई काढली, त्याला ते वाटा म्हणतात. काटकोनात थर चिरतो, गोलाईवर चिरत नाही, असं त्यांनी मला बोट फिरवून दाखवलं. मग सिमेंट आणि पॉलिमरचा दोन भागांचा कोट, पहिला हात आडवा, सहा तासांनी दुसरा उभा, कोपऱ्यात मध्ये जाळीची पट्टी. शॉवरच्या भिंतीवर सात फुटांपर्यंत, बाकी दोन फूट.

मामांना दुसऱ्याच दिवशी भराव टाकायचा होता, पुढचं काम ठरलेलं होतं त्यांचं. मी म्हटलं, मामा, आधी पाणी भरून ठेवायचं. ते म्हणाले, "ताई, वीस वर्षांत माझं काम गळलं नाही." मी त्यांना खाली नेलं आणि काकूंचं छत दाखवलं. ते काही न बोलता वर आले आणि स्वतःच ट्रॅपला बोळा लावला. कोट वाळायला तीन दिवस, मग पाणी अठ्ठेचाळीस तास. पातेल्यातलं चार मिलिमीटर उतरलं, जमिनीतलं चार. मामांनी पेन्सिलची रेघ तीन वेळा वाकून बघितली.

आता विचारायचं ते टाइल्सचं. मामा म्हणतात सिमेंटच्या रबडीवरच लावू, दुकानदार म्हणतो टाइल चिकटवायचं तयार अॅडहेसिव्ह घ्या.

साइटवरचा | २५ जानेवारी, सकाळी ६:३०

व्हिट्रिफाइड टाइल घेतली असेल तर अॅडहेसिव्हच. ती टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, म्हणून सिमेंट तिला धरत नाही, काही वर्षांत पोकळ होते. अॅडहेसिव्ह दात्याच्या थापीने पूर्ण पाठीवर पसरवा. चार कोपऱ्यांत चार गोळे लावून दाबली की मधली पोकळी पाण्याचं टाकं होते. आणि मामांना सांगा, अॅडहेसिव्हवर लावायच्या टाइल्स पाण्यात भिजवायच्या नाहीत. जुन्या हातांना ती सवय असते.

जमिनीला खडबडीत टाइल, शक्यतो फूटभराची. मोठ्या टाइलला चारी बाजूंनी ट्रॅपकडे उतार देता येत नाही. उतार मीटरला दीड सेंटिमीटर. टाइल लावण्याआधी आणि नंतर बादलीभर पाणी ओतून बघा, कुठे थांबत असेल तर मामांसमोर दाखवा. आई असतात ना, जमिनीवर पाणी साचून राहता कामा नये.

सांधे तीन मिलिमीटर ठेवून इपॉक्सी ग्राउट भरा. ते पाणी पीत नाही. पण भरतानाच स्पंजने पुसत जायचं, वाळल्यावर निघत नाही. कोपऱ्यातले उभे सांधे आणि जमीन-भिंतीचा सांधा मात्र ग्राउटने भरू नका. तिथे दोन पृष्ठभाग वेगवेगळे हलतात, कडक भरलं की चिरतं. बुरशीरोधक न्यूट्रल सिलिकॉन लावा. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते नको, सिमेंटला नीट धरत नाही.

हिरवा_चाफा | २५ जानेवारी, दुपारी १२:००

आईच्या खोलीतल्या भिंतीचं काय करताय?

साइटवरचा | २५ जानेवारी, दुपारी १:४५

तिथे घाई करू नका. ओलीच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत गिलावा काढून वीट उघडी करा. पांढरी पूड पाण्याने धुऊ नका, क्षार परत आत जातात. कोरड्या ब्रशने झाडा आणि ती पूड केराच्या सुपलीत गोळा करून फेका. मग पंखा आणि उघडी खिडकी. विटेला सुकायला इंचाला साधारण महिना लागतो.

सुकली का ते बघायला दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि एक रात्र ठेवा. सकाळी आतून बाष्प दिसलं तर अजून थांबा. गिलावा सिमेंट-वाळूचा करा, पीओपी किंवा जिप्सम त्या भिंतीला नको. आणि रंग वाफ बाहेर सोडणारा साधाच, प्लास्टिकसारखा थर धरणारा नाही.

तिसरा_मजला | १९ मार्च, रात्री ९:००

प्लास्टिकचा कागद आज तिसऱ्यांदा लावला. पहिल्यांदा सकाळी आत थेंब ओघळत होते, दुसऱ्यांदा नुसतं धुकं. आई रोज सकाळी उठली की आधी तो कागद बघते, मग चहा.

तिसरा_मजला | २१ जुलै, संध्याकाळी ७:२०

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून धागा वर आणते.

एप्रिलच्या सात तारखेला कागद कोरडा निघाला. तरी आणखी दोन आठवडे थांबून गिलावा केला, त्यावर आठ दिवस पाणी मारलं, मे अखेर रंग. एकूण खर्च अठ्ठ्याऐंशी हजार झाला, त्यात टाइल्स आणि खालच्या काकूंच्या छताचा गिलावा धरून. काकूंचं छत आम्ही न विचारता करून दिलं.

गेले पाच आठवडे इथे धो धो पाऊस आहे, घरात कपडे वाळत नाहीत. काल तोच कागद पुन्हा रात्रभर लावून ठेवला. सकाळी काढला, आत एक थेंब नाही. भिंतीला तळहात टेकवला तर खोलीतल्या बाकी भिंतींसारखीच लागली.

कपाटाची मागची फळी बदलून घेतली, बाकी लाकूड शाबूत होतं. ते आता भिंतीपासून चार बोटं पुढे उभं आहे, हात मागे घालून बघता येतो. नारायणपेठेचा डाग पुसट झाला पण गेला नाही. आई म्हणाली, पदराच्या आत येतो, दिसणार नाही.

ओटीवरची | २१ जुलै, रात्री ८:०५

डायव्हर्टरच्या चकतीचं सिलिकॉन वर्षभराने एकदा बघा हं. काळं पडलं किंवा कडेने सुटलं तर ब्लेडने पूर्ण काढून नवं लावायचं, जुन्यावर नवं धरत नाही.

तिसरा_मजला | २१ जुलै, रात्री ८:२०

हो ताई. मामा स्वतःच सांगून गेलेत, जानेवारीत येऊन बघतो म्हणून. आता ते जिथे काम घेतात तिथे आधी दोन दिवस पाणी भरून ठेवतात, असं त्यांनीच फोनवर सांगितलं. पातेलं मात्र आमच्याकडचंच नेलंय, परत मागायला मला जीव होत नाही.

साइटवरचा | २१ जुलै, रात्री ९:४०

राहू द्या त्यांच्याकडे. आणि त्या सॉकेटची वायर जोडून घेतलीत का?

तिसरा_मजला | २१ जुलै, रात्री ९:५५

नाही दादा, ते सॉकेट कायमचं बंद केलं. आईसाठी नवं समोरच्या भिंतीवर काढून घेतलं.